माझं वजन ९४ किलो आहे, माथेरानला घोड्यावर बसू का?

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलंय. मे महिन्यात ते कुटुंबासह माथेरानला निघालेत. त्यांचं वजन ९४ किलो, पत्नीचं ५८, नऊ वर्षांच्या मुलीचं २६. मागच्या खेपेला दस्तुरी नाक्यावर एका घोडेवाल्याला त्यांनी वजनाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एकशेदहाचे पण रोज नेतो, काही होत नाही." नंतर त्यांच्या वाचनात आलं की घोड्यावर त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त भार नको. खरं काय मानायचं आणि आपण बसायचं की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधी सांगून टाकते. तुम्ही माथेरानच्या घोड्यावर बसू नका. मुलीने बसायला हरकत नाही. पत्नीचं उत्तर समोर कोणता घोडा उभा आहे त्यावर ठरेल, आणि तो पारखायचा कसा हे तुम्हाला जमावं म्हणूनच एवढं लांबण लावतेय.

मी पशुवैद्य आहे. २२ वर्षं झाली, माझ्या कामातला मोठा वाटा घोड्यांचाच. पुण्याच्या आसपासच्या रायडिंग स्कूलांतले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे, वरातीचे घोडे, आणि दरवर्षी गिरिस्थानांवर भरणाऱ्या तपासणी शिबिरांतली तट्टं. त्यामुळे पुढे जे सांगतेय त्यात पुस्तकातलं थोडं आहे आणि खोगीर उचलून पाठीवर हात फिरवल्यावर कळलेलं जास्त.

तुम्ही विचारलंत, घोडा किती वजन पेलतो. घोडेवाल्याने उत्तर दिलं ते घोडा किती वजन नेतो याचं. तो खोटं बोलला नाही. एकशेदहा किलोचा माणूस पाठीवर घेऊन लहानसं तट्टू दस्तुरीपासून बाजारापर्यंत गेलेलं मीही पाहिलंय. पण घोडा मुळात शिकार होणारं जनावर. कळपात जो लंगडला, ज्याने दुखतंय असं दाखवलं, तो पहिला लांडग्याच्या तोंडी जायचा. दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. कुत्र्याचा पाय चिरडला तर तो केकाटतो, थकलेला बैल बसकण मारतो. घोडा कान मागे पाडून चालत राहतो. म्हणून 'चालला म्हणजे पेललं' हा हिशेब घोड्याला लागू पडत नाही. तुमचा खरा प्रश्न असा मांडायला हवा: किती भारापर्यंत त्याच्या पाठीला, पायांना आणि दमाला इजा होत नाही, आज नाही आणि सीझन संपल्यावरही नाही?

आता २० टक्क्यांचं. तो आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये आठ घोड्यांवर केलेली एक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक घोड्याला त्याच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन पाऊण तास काम करायला लावलं. १५ आणि २० टक्क्यांना काही वावगं दिसलं नाही. २५ पासून नाडी जास्त राहायला लागली, आणि ३० ला पाठीचे स्नायू दुखरे, ताठ झालेले स्पष्ट कळले. अमेरिकी घोडदळाच्या १९२० सालच्या पुस्तिकेतही हाच २० टक्क्यांचा दंडक होता. अनुभवातून आलेला आणि मोजमापातून आलेला आकडा एकाच जागी येऊन भिडला, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

पण तो दगडावरची रेघ नाही. आइसलँडच्या ठेंगण्या, दणकट घोड्यांवर असाच अभ्यास झाला. भार वाढवत नेला तसं रक्तात लॅक्टेट साचायला लागलं, म्हणजे घोड्याचा दम पुरेनासा झाला. ही सीमा सरासरी २२.७ टक्क्यांना आली. मात्र एका घोड्याची १७ टक्क्यांनाच आली आणि एकाची २७.५ पर्यंत लांबली. एकाच जातीचे, एकाच कामाचे आठ घोडे, आणि त्यांच्यात एवढं अंतर! इंग्लंडमध्ये २०१९ साली सहा घोडे आणि चार वेगवेगळ्या वजनांचे स्वार घेऊन पाहिलं, तर घोड्याच्या वजनाच्या १५ टक्क्यांवरच्या दोन्ही स्वारांच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे लंगडायला किंवा दुखत असल्याची लक्षणं दाखवायला लागले. त्या स्वारांना खोगीर नीट बसत नव्हतं, हाही त्यातला एक धागा.

उलट बाजूचे आकडेही आहेत, ते लपवत नाही. जपानमध्ये होक्काइदोच्या देशी घोड्यांसाठी २९ टक्के आणि तैशू जातीच्या तट्टांसाठी ४३ टक्क्यांपर्यंतची मर्यादा निघाली. यावरून 'देशी तट्टू चिवट असतं, त्याला चालतं' असं कुणी म्हणेल. चिवट असतं हे खरंच. रुंद कंबर, आखूड पाठ, पायाची जाड नळी असलेलं तट्टू उंच, शेलाट्या घोड्यापेक्षा प्रमाणाने जास्त पेलतं. पण त्या चाचण्यांत बघितलं होतं ते भार वाढवल्यावर चालीचा ताल कुठे मोडतो. ताल मोडण्याचा बिंदू म्हणजे रोज काम करून घ्यायची मर्यादा नव्हे. दोरखंड कितीला तुटतो हे बघून कुणी त्याला रोज तेवढं टांगत नाही.

मी स्वतः असं धरते: सपाट जमीन, बरी हवा, जाणता स्वार, तब्येतीने चांगला घोडा, तेव्हा २० टक्के ही वरची कड. चढउतार, उन्हाळा, नवखा स्वार आणि दिवसाला अनेक फेऱ्या असतील तर १५.

आता टक्के कशाचे, तिथे बहुतेकांचं चुकतं. घोडा म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो चित्रातला, पाचशे किलोचा. माथेरानला, महाबळेश्वरला, पाचगणीच्या टेबललँडवर जी जनावरं उभी असतात त्यांतली बरीचशी त्याच्या निम्मी असतात. वजनकाटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथून तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा जातो, तिथला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या शेवटच्या हाडापर्यंतची लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते वजन किलोमध्ये, थोड्याफार फरकाने बरोबर.

समजा १३२ सेंटिमीटर उंचीचं नेहमीचं तट्टू आहे, म्हणजे त्याची पाठ तुमच्या छातीच्या जरा वर येते. घेर १५०, लांबी १३२. हिशेब येतो २५० किलो. त्याचे २० टक्के ५० किलो. आणि या ५० किलोत एकटा माणूस येत नाही; खोगीर, त्याखालची घोंगडी, लोखंडी रिकिबी, तुमचे बूट, पाठीवरची सॅक, पाण्याची बाटली, सगळं येतं. खोगीर आणि बाकीचं सामान आठ-नऊ किलो सहज भरतं. उरले ४१. १५ टक्क्यांनी धरलं तर उरतात २८ ते २९ किलो.

हा आकडा पहिल्यांदा मांडून दाखवला की लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात, कारण याचा अर्थ असा होतो की गिरिस्थानावरच्या बहुतेक तट्टांवर कुठल्याच मोठ्या माणसाने बसू नये. होय, माझं मत तेच आहे. त्यावर तुम्ही बसलात तर खोगीर-सॅक धरून १०५ किलो होतात, म्हणजे ४२ टक्के. जपानी चाचणीत ताल मोडला त्याच्या उंबरठ्यावर, आणि तेही लाल मातीच्या चढावर, मे महिन्यात.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. त्यांत तट्टावर लादायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो दिली आहे, खेचराची २०० आणि गाढवाची ५०. ही यादी पाठीवर लादलेल्या ओझ्याची आहे आणि जिवंत स्वाराचा हिशेब थोडा वेगळा, तरी तुमचा भार त्या आकड्यालाही दीडपट होतो. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नको असंही आहे. आणि एक कलम मला फार महत्त्वाचं वाटतं: खोगिराची कमान घोड्याच्या मानेमागच्या उंचवट्यावर टेकता कामा नये, मध्ये मोकळी जागा हवी. ज्याने कुणी ते लिहिलं त्याने घोड्याची पाठ जवळून पाहिली असणार.

ती पाठ कशी असते ते थोडं सांगायला हवं, नाहीतर हे सगळे आकडे कोरडे राहतील. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. धड त्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. तुम्ही बसता तेव्हा त्या झोळीवर बसता. घोड्याच्या वजनातला साठ टक्के भाग तसाही पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी पुढे सरकतो. पाठीला बरगड्यांच्या १८ जोड्यांचा आधार आहे, पण शेवटच्या बरगडीनंतर कमरेचे मणके येतात आणि त्यांच्याखाली टेकू काहीच नाही. खोगीर त्या शेवटच्या बरगडीच्या अलीकडे संपलं पाहिजे. आखूड पाठीच्या तट्टावर ही जागा मुळात थोडी. भारी माणूस त्या लहान खोगिरात मावत नाही, तो मागच्या काठावर सरकतो, आणि सगळा भार बिनटेकूच्या कमरेवर जातो. म्हणून लेकराला पुढ्यात घेऊन बापाने एकाच घोड्यावर बसणं हे फोटोला कितीही गोड दिसलं तरी करू नका. लेकरू पुढे बसलं की बाप मागे जातो.

हे मी एका घोडीकडून शिकले. आठेक वर्षांपूर्वी एका शिबिरात एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची घोडी आणली. मालक साठीचे, त्यांना मी मामा म्हणायचे. त्यांची तक्रार अशी की, "डॉक्टरबाई, घोडी खोडकर झाली हो. तंग आवळायला गेलं की चावायला धावते." नुकतीच फेरी करून आलेली होती. मी खोगीर मागे न ओढता सरळ वर उचललं. पाठ घामाने काळीभोर ओली, आणि मणक्याच्या दोन्ही अंगांना, खोगिराच्या मागच्या काठाखाली, तळहाताएवढे दोन डाग ठाक कोरडे. त्या दोन जागा एवढ्या दाबल्या गेल्या होत्या की घाम फुटायलाही वाव राहिला नव्हता. तिथे अंगठा ठेवून हलकेच दाबलं, तशी घोडीने पाठ खाली सोडली आणि मागच्या पायांत दुमडली. मामांनी ते बघितलं. कालचे गिऱ्हाईक किती वजनाचे होते विचारलं, तर म्हणाले, "काल एक होता शंभराच्या पुढचा. पॉइंट दाखवायला नेला, अडीच तास."

तिला खोडी काढायची नव्हती. तंग आवळला की दुखऱ्या जागेवर खोगीर बसतं, म्हणून ती दात दाखवत होती. तिच्याकडे दुसरी भाषा नव्हती. तीन आठवडे खोगीर बंद केलं. त्या दोन जागांचे केस गळून पडले, आणि पुढच्या वर्षी बघितलं तेव्हा नवे आले होते ते पांढरेशुभ्र. कुमैत, काळ्या, तांबड्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी असे पांढरे ठिपके दिसले की समजा, तिथली कातडी कधीतरी मेली होती.

भाराचं गणित सारखंच राहूनही नुकसान कमीजास्त होतं ते परिस्थितीने. पहिली गोष्ट खोगीर. ६० किलोचा माणूस चुकीच्या खोगिरावर ८० किलोच्या माणसाहून जास्त इजा करू शकतो, कारण पाठीला वजन कळत नाही, दाब कळतो. भार मोठ्या जागेवर पसरला तर सुसह्य, दोन बोटांच्या जागेत गोळा झाला तर सुरी.

दुसरी, चाल. घोडा नुसता चालत असेल तेव्हा स्वाराचं जेवढं वजन तेवढाच साधारण भार. दुडकीला प्रत्येक टापेसरशी तो दुपटीच्या आसपास जातो, चौखूर पळवला तर त्याहून वर. "भैया, जरा पळवा ना" असं म्हणणारे पाहुणे मी दर शिबिरात ऐकते. ७० किलोचा नवखा माणूस दुडकीवर ज्या धपाधप आपटतो, तो त्या पाठीला दीडशे किलोचा होतो. जाणता स्वार घट्ट मांड ठेवून, घोट्यात आणि गुडघ्यात तो धक्का जिरवतो. दोन तासांच्या सहलीत मांड येत नाही, त्यामुळे पर्यटकाला मी कायम नवखाच धरते.

तिसरी, जमीन. माथेरानची लाल माती ही घोड्याच्या खुराला बरी, पावलाला पकड देते. पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल घसरतो. घोडा पाय आखडून, पाठ ताठ करून उतरतो आणि वरचा भार त्याला दुप्पट जाचतो. असा तुकडा लागला की हलका स्वारसुद्धा उतरून चालला तर मला आवडेल.

चौथी, वय आणि अंग. घोडा चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर बसू नये, कारण मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. पाय आधी तयार होतात, पाठ शेवटी. आणि जाड घोडा म्हणजे ताकदवान घोडा हा गैरसमज सोडा. टक्के काढायचे ते त्याच्या योग्य वजनावर. २५० किलोचं तट्टू खाऊन २९० चं झालं तर ते आणखी आठ किलो पेलत नाही, ते आधीच चाळीस किलोचं ओझं वाहतंय. हडकलेल्या घोड्याचं उलट: त्याच्या पाठीवर भार झेलायला स्नायूच नाहीत. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की लागाव्यात, एवढं लक्षात ठेवा.

कोणी ना कोणी इथे भीमथडीच्या तट्टांचा दाखला देईलच. भीमेच्या काठची ही तट्टं, आता देशी जात म्हणून त्यांची नोंदही झालीय. मराठ्यांचं घोडदळ याच लहान चणीच्या जनावरांवर मैलोन्मैल दौडत होतं, मग आज माथेरानचं तट्टू तासाभराच्या फेरीने का थकावं? कारण ती स्वारी सडी होती. सडपातळ माणसं, जड चिलखत नाही, सामान जेमतेम, आणि जन्म खोगिरावर गेलेली मांड. शिवाय घोडा हीच त्यांची जिंदगी. तो मेला की स्वार पायउतार. चंदी आधी घोड्याच्या तोबऱ्यात, भाकरी नंतर आपल्या तोंडात, अशी रीत होती ती उगाच नाही. हा इतिहास माझ्याच बाजूचा आहे.

वरातीच्या घोड्यावरही चार शब्द, कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. लोकांना वाटतं उभं राहण्यात कसले आलेत कष्ट. चालताना स्नायू आवळतात-सैलावतात, रक्त खेळतं. डीजेच्या पुढे दीड तास खिळून उभ्या घोड्याच्या पाठीवर नवरदेव बसलेला असतो, शेजारी एखादं लेकरू, आणि दाब एकाच जागी. मी तपासलेल्या वरातीच्या घोड्यांच्या पाठी डोंगरावरच्या तट्टांइतक्याच वाईट निघाल्यात. नवरदेवाने मंडपाच्या जवळ, शेवटच्या दहा मिनिटांसाठी बसावं.

आता तुमच्या तिघांचं बघू. तुमचा भार १०५ किलो. २० टक्क्यांनी त्याला ५२५ किलोचा घोडा लागतो, आणि एवढं जनावर माथेरानला मिळायचं नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत येणारे चांगले मारवाडी-काठेवाडी घोडेही बहुतेक याच्या खाली असतात. रायडिंग स्कूलमध्ये ४५० ते ५०० किलोचे थरोब्रेड असतात. तिथे सपाट रिंगणात, पायरीवरून चढून, नुसत्या चालीवर, वीसेक मिनिटं बसून शिकायला सुरुवात करता येईल, तेही घोड्याचे पाय बरे असतील आणि शिकवणारा हो म्हणत असेल तर. तुलनेसाठी सांगते, शर्यतीत याच घोड्यांवर जॉकी आणि खोगीर मिळून साधारण ५० ते ६० किलो असतात. तुमच्या वजनाला नावं ठेवायचा यात काही हेतू नाही. ९४ किलोचा धडधाकट माणूस असायला काहीच हरकत नाही. फक्त हे तट्टू त्याच्या मापाचं नाही, जसा मुलीचा बूट तुमच्या मापाचा नसतो.

तुम्ही दस्तुरीहून चालत जा. सावलीचा रस्ता आहे, रमतगमत पाऊण तास. नाहीतर शेजारच्या अमन लॉज स्थानकावरून मिनी ट्रेनची शटल आहे, आणि आता ई-रिक्षाही आल्यात.

पत्नीचा भार खोगिरासकट ६७ किलो. २५० किलोच्या तट्टावर ते जवळजवळ २७ टक्के होतात, नको. १६५ घेर आणि १४५ लांबीचा घोडा असेल तर त्याचं वजन ३३० च्या थोडं वर, म्हणजे २० टक्के, डोंगरात ते मला जड वाटतं. चारशे किलोचा, वयात आलेला, भरल्या पाठीचा घोडा मिळाला तर १७ टक्के. तो नीट चालत असेल, सकाळची वेळ असेल तर लहान फेरीला मी हो म्हणेन.

घोडा निवडताना घोडेवाल्याशी आधी दोन शब्द बोला. "दादा, आज कितवी फेरी? पाणी कधी पाजलं?" एवढं विचारलंत तरी त्याला कळतं की गिऱ्हाईक जाणतं आहे. मग घोड्याला चार पावलं चालवून दाखवा म्हणा. डोकं दर पावलाला खालीवर हलत असेल तर पुढचा पाय दुखतोय. उभा असताना नाकपुड्या फुललेल्या, पोट धापा टाकतंय असं असेल तर तो आधीच्या फेरीतून सावरलेला नाही; शांत घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो, घड्याळ लावून मोजा. खोगिराच्या पुढच्या कमानीखाली तीन बोटं सहज जायला हवीत, पत्नी बसल्यावरही. तंगाच्या मागे जखम, पांढरे ठिपके, वाढून पुढे आलेले खूर दिसले तर दुसरा घोडा बघा. बसताना जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन लोंबकळू नका, सगळी पाठ एका बाजूला पिळते. ओटा, पायरी, मोठा दगड, काहीतरी शोधा.

आणि पैशाचं. त्या शिबिरात घोडीला तीन आठवडे विश्रांती सांगितली तेव्हा मामांनी मला विचारलं होतं, "मग सीझनला खायचं काय?" माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. सीझन दोन-अडीच महिन्यांचा, त्यात वर्षभराची चंदी, नालबंदी, औषधं आणि घरातली चूल. जड गिऱ्हाईक नाकारलं तर ते शेजारच्या घोड्यावर बसतं, हेही त्यांना माहीत असतं. त्यामुळे मी पर्यटकांना सांगते ते असं: घोडेवाल्याला झिडकारून निघून जाऊ नका. मुलीसाठी घोडा ठरवा, आपण बाजूने चाला, आणि घासाघीस न करता पूर्ण फेरीचे पैसे द्या. पॉइंट बघायला जास्त वेळ लागला तर थांबल्याचेही द्या. हलक्या स्वाराचे पुरते पैसे मिळतात हे ज्या दिवशी त्याच्या लक्षात येईल, त्या दिवशी तो स्वतःच शंभरच्या माणसाला नाही म्हणेल. त्या मामांनी पुढच्या वर्षापासून ते करायला सुरुवात केली होती.

राहिली तुमची लेक. २६ किलो तिचे आणि आठ-नऊ खोगिराचे, मिळून ३५. २५० किलोच्या तट्टाला १४ टक्के. ती खुशाल बसू दे. हेल्मेट घरून न्या, सायकलचं असलं तरी डोकं उघडं असण्यापेक्षा बरं. पायात टाचेचे बंद बूट हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकणार नाही, आणि रिकिबी तिच्या पायाच्या लांबीला आखूड करून घ्या. लगाम घोडेवाल्याच्या हातात राहू दे. बाजारात पोचलात की तिला उतरवा, तंग सैल करायला सांगा, आणि तिचा हात धरून घोड्याच्या पाठीवरून, खोगिराच्या मागून, अलगद फिरवू द्या. कातडी थरथरली नाही, पाठ दबली नाही, तर तिचं वजन त्याला जड झालं नाही.